सुभेदारांचं लॉन आणि बिराप्पाची मेंढरं

आमच्या सोसायटीचा माळी बिराप्पा मूळचा माण तालुक्यातला मेंढपाळ. गुडघे गेले तशी मेंढरं मेव्हण्याच्या हवाली करून तो साताऱ्याला आला आणि आमचं लॉन राखू लागला. तीन वर्षं झाली, तरी लॉन हा प्रकार त्याच्या मनाला पटला नव्हता. "गवात वाढवायचं, कापायचं आन् कचऱ्याच्या गाडीत घालायचं. वैनी, आमच्याकडं कुणी असं केलं तर त्याला देवऋष्याकडं नेत्यात."

राखायचा मात्र जिवापाड. पोरं चेंडू घेऊन गवतात शिरली की मेंढरांना घालतात तशी हाळी घालायचा. पोरं मुकाट वळायचीसुद्धा.

लॉनचा हट्ट आमच्या चेअरमनचा, सुभेदार बाळासोंचा. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेली. छावणीत मेससमोर होती तशी हिरवळ त्यांना दारात हवी. उन्हाळ्यात आमच्या नळाला दिवसाआड पाणी, पण लॉनला रोज टँकर. त्यातून शेजारी सोसायटीच्याच आणखी चार इमारती होणार, आणि नकाशात चारींभोवती लॉनच लॉन. म्हणून मे महिन्यातल्या सभेसाठी मी ठराव लिहून दिला. नव्या काय, जुन्या काय, कुठल्याच इमारतीला मोकळ्या जागेच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त लॉन नको.

ठराव बोर्डावर लागला त्याच दिवशी बिराप्पा दारात.

"वैनी, गवात ग्येलं तर मी काय राखू? या गुडघ्यांनी मेंढरामागं फिरणं हुईना आता."

मी चहा ठेवला.

सुभेदारांनी त्याला वेगळाच मार्ग दाखवला. "रविवारी सभेत लोक लॉन बघून मत देणार. ते एकदम बारीक पायजे."

"सायेब, मशीन बिघडून आठ दिस झालं."

"कारणं नकोत."

"बारीक म्हंजी किती?"

सुभेदारांनी टोपी काढून तुळतुळीत डोकं दाखवलं. "असं."

रविवारी सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले, तर लॉनवर शेदीडशे मेंढरं. बिराप्पाचा मेव्हणा सिद्धू कळप घेऊन पश्चिमेकडून माणला परतत होता. त्यालाच यानं फाटकातून आत घेतला होता. सुभेदारांच्या गाडीखाली कळपाचं कुत्रं झोपलेलं. बिराप्पा पायरीवर बसून कौतुकानं बघत होता.

"मशीनला दोन दिस लागत्यात, वैनी. ह्यांनी दोन तासांत उरकलं."

उरकलं होतं खरंच. गवत बारीक नव्हतं, नव्हतंच. काळी माती, आणि तिच्यावर लेंड्यांचा सडा.

सुभेदार आले आणि मातीकडं बघतच राहिले. "हे काय केलंस रं?"

"तुमीच टोपी काढून दावली की."

तेवढ्यात सिद्धू पुढं झाला, फेटा सारखा केला आणि अदबीनं म्हणाला, "मालक, न्याहारीचं कसं?"

आमच्या भागात शेतात मेंढरं बसवली की रानाला खत मिळतं, आणि रानाचा मालक मेंढक्यांना जेवू घालतो. सिद्धूच्या लेखी रान हे, आणि मालक समोर उभा. वरच्या गॅलरीतून त्यांच्या पत्नी हरणाबाई म्हणाल्या, "आवं, नुसतं हुबं काय ऱ्हायलाय? माणसं वर घिऊन या. पिठलं टाकलंय."

अकराला सभा. सुभेदार म्हणाले, "गवत पुन्हा येईल. पाणी तेवढं जास्त घालावं लागंल." पाणी म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे आंबले. मग सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या हरणाबाई उठल्या. "एवढं खत पडलंय. माझ्या माह्यारी असल्या रानात वांगी लावत्यात. गवात कोण लावतंय?"

ठराव पास झाला. शेवटच्या खुर्चीमागं बिराप्पा खाली मान घालून उभा होता. मी विचारलं, "वांगी लावायची ठीक. राखणार कोण?"

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. "त्योच," सुभेदार म्हणाले. "पण परत मेंढरं आत आणायची न्हाईत."

"वांग्यात कशाला आणीन, सायेब? खात्यात की ती."

आता झेंड्याच्या खांबाभोवती दहावा हिस्सा लॉन उरलंय. मशीन अजून दुरुस्त झालेलं नाही, म्हणून सुभेदार स्वतः बसून कात्रीनं ते कापतात. शेजारच्या वाफ्यातून बिराप्पा अधूनमधून मान वर करतो.

"बारीक म्हंजी किती, सायेब?"

सुभेदार टोपी काढत नाहीत.