शालनच्या नावाआधी

शालन गेल्याचं तिच्या पुतण्यानं दारात येऊन सांगितलं, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सूप तसंच ठेवून गेले. सोप्यात तिला ठेवलं होतं आणि शेजारी पाटावर रुईची फांदी होती, हळद लावलेली... आमच्याकडं बिनलग्नाचं माणूस गेलं की उचलण्याआधी त्याचं रुईशी लग्न लावतात. हे मला ठाऊक होतं. शालनचंही लावतील, हे डोक्यात आलं नव्हतं. ती जन्मभर लग्नाला नको म्हणाली होती.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आम्ही दोघी वीस-बावीस वर्षं शेजारी बसून काम केलं. बायका तिला छेडायच्या, "शाले, कुणी फशिवलं का गं तुला?" ती म्हणायची, "मला कोण फशिवतंय? मलाच कोण आवडला न्हाय." ती तिशीची असताना तिचे चुलते, आप्पा, खानापूरकडच्या बिजवराचं स्थळ घेऊन आले. मी तिथंच होते. शालन म्हणाली, "आप्पा, लगीन वाईट न्हाय. मला नको, एवढंच." आप्पा म्हणाले, "समाज काय म्हणंल?" तर म्हणाली, "समाज म्हंजे कोण? नाव सांगा, मी जाऊन इचारती." ते स्थळ परत गेलं. मी सगळ्यांचं ऐकत आलेली बाई. तिचं ते बोलणं भाकऱ्या थापताना कितीदा मनात म्हटलं असेन.

त्या दिवशी तेच आप्पा काठी टेकत म्हणाले, "हिला अशीच सोडली तर भावकीला बाधंल." मग माझ्याकडं बघून, "तू मैतरीण न्हवं? तूच भर बांगड्या." मी भरल्या. हात ताठ झाला होता, साबण लावावा लागला. एक बांगडी फुटून काच तिच्या मनगटात गेली, रक्त आलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "नवरी रुसलीया." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. जिवंतपणी जिच्यापुढं यांचं काही चाललं नाही, ती मेल्यावर यांच्या हाती लागली... आणि तिचा हात धरून बसलेली मी होते. त्यांची किळस येते, त्याहून जास्त माझी येते.

बाराव्याला भावकीनं स्टीलची ताटं वाटली. घरी येऊन काठावर कोरलेली अक्षरं लावून वाचली. कै. सौ. शालन. सौ... एका फांदीची बायको. मी कात्रीच्या टोकानं तेवढं 'सौ.' खरडून काढलं. अर्धी दुपार गेली. त्याच ताटात जेवते.

परवा आप्पांची सून आली. ताट बघून म्हणाली, "अगं बया, नवं ताट कुणी इद्रूप केलं?"

मी कधी कुणाला उलट बोललेली नाही.

"मी केलं," म्हणाले. "तिचं लगीन झालंच न्हवतं."

ती तशीच उठून गेली. एव्हाना आप्पांच्या कानावर गेलं असेल. ताट धुऊन मी फळीवर उभं केलंय, तिचं नाव दाराकडं करून.