आठवा गुरू

माझ्या थोरल्या भावाने वीस वर्षं गुरुवारी मासे खाल्ले नाहीत, आणि त्याला कारण मी आहे. सोमवार आमच्या घरी आधीपासूनच बिनमाशांचा होता. त्यात हा दुसरा वार मी घातला. मालवणी माणसाच्या आठवड्यातून असा एक दिवस काढून घेणं म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको.

मी जामसंड्याला शाळेत विज्ञान शिकवायचो आणि घरी लोकांच्या पत्रिका बघायचो. वर्गातल्या फळ्यावरचा गुरू आणि पत्रिकेतला गुरू एकच, पण त्या दोघांची मी कधी गाठ पडू दिली नाही. पहिल्याला चंद्र होते, दुसऱ्याला स्थानं. पहिल्याचा पगार मिळायचा, दुसऱ्याचे नारळ.

दादाची एकुलती एक मुलगी बी.एस्सी. झाली तेव्हा ओरोसच्या सरकारी कचेरीत नोकरीला असलेल्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, दादा तर लगेच मांडव घालायच्या तयारीत. त्याच महिन्यात तिला पुण्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. ‘पोरगी हुशार आहे, तिला शिकू दे,’ एवढं एक वाक्य मला दादासमोर बोलता आलं नाही. त्याच्यासमोर माझी जीभ लहानपणापासून जड. म्हणून मी गुरूला पुढे केलं. गुरू तिच्या राशीपासून नववा होता, म्हणजे लग्नाला उत्तम. मी आठवा सांगितला, म्हणजे वाईट. “यंदा नको, पुढच्या वर्षी बघू,” म्हटलं. आणि औषध दिल्याशिवाय आजार खरा वाटत नाही, म्हणून वर सांगितलं, “तू गुरुवार धर. मासे सोड.”

पुढच्या वर्षापर्यंत त्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं. पोरगी शिकत गेली, परदेशी जाऊन आली, आणि आता एका संशोधन संस्थेत काम करते. कशावर, तर गुरूवर! माझ्या थापेचा असा पाठपुरावा कुणी करील असं मला वाटलं नव्हतं. लग्न मात्र तिने केलं नाही. दादाला वाटायचं, शिक्षण झालं ते गुरुवारमुळे, आणि लग्न राहिलं ते गुरुवारात काहीतरी कमी पडलं म्हणून.

या मे महिन्यात ती घरी आली होती. गुरुवारीच दुपारी जेवणं व्हायच्या आधी तिने वडलांना लॅपटॉपवर गुरूचं चित्र दाखवलं. त्याच्या एका चंद्रावर सारखे ज्वालामुखी फुटतात, त्यातला गंधकाचा वायू बाहेर पडतो आणि गुरूभोवती त्याचं कडं तयार होतं, असं ती सांगत होती. दादा चष्मा सावरून बघत होता.

“म्हणजे घरच्याच चुलीचो धूर तेच्या डोळ्यात जाता?”

“तसाच धरा, बाबा. आणि थंय किरणांचो मारो इतको, की यानाची यंत्रां जाड धातूच्या पेटीत ठेवची लागतत. तरी ती हळूहळू बिघडतत.”

“बघ!” दादा माझ्याकडे वळून म्हणाला. “यानाकसुद्धा गुरुबळ नाय!”

आम्ही सगळे हसलो. मग दादाने लॅपटॉप हळूच मिटला आणि म्हणाला, “एका गुरुवारान काय भागना नाय. मी आता मासे कायमचेच सोडतंय. हिच्या लग्नाचा काय ता होऊ दे.”

वहिनीच्या हातातला डाव थांबला. पोरगी म्हणाली, “बाबा, गुरूक तुमच्या बांगड्याचो पत्तो सुद्धा नाय.” पण दादाने मनावर घेतलं की घेतलं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या ताटातून बांगडा कायमचा जाणार, आणि तोही माझ्या एका घराच्या चुकीने. चुकीने कसला, लबाडीने.

“दादा,” मी म्हटलं, “तेव्हा गुरू आठवो नाय होतो. नववो होतो.”

“कोण म्हणता?”

“मीच. तेव्हाय मीच सांगितलंय, आताय मीच सांगतंय.”

मग सगळं सांगितलं. एक गोष्ट राहिली होती, तीही सांगितली: एम.एस्सी. मला स्वतःला करायची होती, ती झाली नाही, आणि माझी हौस मी तिच्याकडून भागवून घेतली. मला वाटलं, पोरगी तरी माझी बाजू घेईल. शेवटी फायदा तिचाच झाला होता.

ती म्हणाली, “काका, पण माका कोणी इचारलेला?”

मी दादाकडे बघितलं. तीच पुढे बोलली.

“माका तो ओरोसचो मुलगो आवडलेलो. थोडोसो. लगीन करण्याइतको की नाय, ता समजाक येळच गावाक नाय.” आणि मग हसून, “कदाचित मीच नाय म्हटलंय असतंय. पण ता मी म्हटलंय असतंय.”

 

दादाने लॅपटॉप बाजूला सारला. मग वहिनीला म्हणाला, “अगो, फ्रिजात काय आसा?”

“बांगडे आसत. उद्याचे.”

“आजच काढ.” आणि माझ्याकडे बोट दाखवून, “हेका वाढू नको. हेचो गुरुवार आसा.”

“दादा, किती दिवस?”

“माजे झाले तितके.”

“अरे, मी शहात्तर वर्षांचो...”

“मगे जगाक होया तुका. मी मोजूक आसंय.”

तेव्हापासून दर गुरुवारी दादा बाजारातून येताना मुद्दाम माझ्या दारावरून जातो. पिशवी या हातातून त्या हातात घेतो, म्हणजे शेपट्या मला दिसाव्यात. दुपारी पोरीचा फोन येतो.

“काका, काय जेवलास?”

“वरण-भात.”

“खरा?”

मागच्या गुरुवारी शेजारणीने सुंगटांचं, म्हणजे कोलंबीचं, कालवण वाटीभर आणून दिलं होतं. मी ते खाल्लं होतं. फोन आला तेव्हा तेही मी तिला सांगून टाकलं.