प्रभुभोजनाचं पीठ

माझ्या वडिलांना पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, एक शिकवण फार प्रिय होती. यहूदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, यांच्यामधली आडभिंत प्रभूने पाडली, आता दोघांचं एकच घराणं झालं, ही ती शिकवण. पारनेर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात ते पाळकही होते आणि शाळामास्तरही, त्यामुळे ही भिंत रविवारी उपासनेत पडायची आणि सोमवारी मुलांच्या शुद्धलेखनात. वर्षातून चार-पाच वेळा ती पाडल्याशिवाय बाबांना चैन पडत नसे.

आमच्या देवळात भिंत नव्हतीच. मधे फक्त दोन हातांची वाट सोडलेली असायची. खिडकीच्या बाजूला आम्ही बसायचो, म्हणजे महारवाड्यातून ख्रिस्ती झालेली घरं, आणि दाराच्या बाजूला मांगवाड्यातून ख्रिस्ती झालेली. असं बसा म्हणून कोणी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या आजोबांचा बाप्तिस्मा आधी झाला, म्हणून आम्ही यहूदी आणि ते परराष्ट्रीय, हे आमच्या बाजूच्या प्रत्येकाला न शिकवता कळत होतं. गावच्या विहिरीवरून मात्र दोघांनाही सारखंच हाकलत. तेवढ्यापुरतं ऐक्य अगदी पक्कं होतं.

दाराच्या बाजूला एक विधवा बसायची. घरी ती दोर वळायची आणि रविवारी उपासनेच्या आधी आणि नंतर देऊळ झाडायची. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो, कारण मावशी म्हणायला खर्च येत नाही. तिचा मुलगा भिंगारच्या छावणीत कामाला होता आणि घरी येताना आपल्या रेशनमधलं गव्हाचं पीठ आणायचा.

लढाईचे दिवस होते. प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून खायची, भाकर दर महिन्याला माझी आई भाजायची, पण त्या महिन्यात आमच्या घरात गव्हाचा दाणा नव्हता आणि तालुक्यालाही मिळेना. ज्वारीची भाकर चालेल का, यावर मंडळीच्या पंचांची सभा बसली. एक पंच म्हणाले, प्रभू ज्वारी खात असता तर शास्त्रात आलं असतं. दुसरे म्हणाले, मिशनच्या साहेबाला कळलं तर काय उत्तर द्यायचं? चहा दोनदा झाला आणि ज्वारी नापास झाली.

मावशी दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "माज्याकडं पीठ हाय."

पंच खूश झाले. कोरड्या पिठाला काही होत नाही, ते खुशाल घ्यावं. पाणी लागलं की मग प्रश्न येतो, असा त्यांनी निर्णय दिला. म्हणजे गहू यहूदी, पीठही यहूदी, आणि कणीक भिजली की ती परराष्ट्रीय. हा नियम त्यांना कुठल्या प्रेषिताने सांगितला होता देव जाणे. खरं तर ज्यांनी आमच्या वाडवडिलांना पिढ्यान्पिढ्या अंगणाबाहेर बसवलं, त्यांचाच तो नियम होता. धर्म बदलताना आम्ही बाकी सगळं टाकलं आणि हे गाठोडं तेवढं काखेत मारून आणलं. मला तेव्हाही याचा संताप यायचा. मी एकोणीस वर्षांची होते, नगरहून शिक्षिकेचा कोर्स करून आले होते आणि संताप भरपूर होता.

मावशी म्हणाली, "पीठ देते, पन भाजनार मी. इतकी वर्सं झाडते मी हे देऊळ, कधी काय मागितलं न्हाई. येक डाव माज्या हातचं समद्यांनी खावं, येवढंच मागनं हाय."

पंच छताकडे बघायला लागले. बाबांनी टोपी काढली, परत घातली आणि हो म्हणाले. दुसरं करणार काय, पीठ तिच्याकडे होतं. एवढ्या प्रवचनांनी जी भिंत हलली नाही, ती गव्हाच्या टंचाईने पाडली.

त्या रविवारी नेमके नगरहून पाहुणे आले, मला बघायला. मुलगा शाळेत मास्तर होता. त्याची आई आणि मामा असे दोघे भल्या सकाळी सर्व्हिसच्या मोटारीने उतरले. स्थळ फार चांगलं होतं. आईने त्यासाठी दोन वर्षं प्रार्थना केली होती, आणि खरं सांगायचं तर मीही केली होती. उपासनेआधी मी मुलांचा शब्बाथशाळेचा वर्ग घेतला. धडा प्रभूचा शिष्य पेत्र याचा होता: परराष्ट्रीयांच्या पंगतीत तो मजेत जेवत होता, पण यरुशलेमेकडची यहूदी माणसं येताच लाजून उठला. "पेत्राचं चुकलं की नाही?" मी विचारलं. "चुकलं," मुलं एका सुरात ओरडली. मागे बसलेल्या पाहुणीबाईंनी कौतुकाने मान डोलावली.

मावशी भाकरी घेऊन आली. कोऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या, पातळ, एकही डाग न पडलेल्या. आईच्या भाकरी एका बाजूला नेहमी करपायच्या. मावशी त्या दिवशी नवं लुगडं नेसली होती आणि दाराशी न बसता मधल्या वाटेच्या अगदी कडेला बसली होती. तिथून सगळे दिसत होते.

भाकर कोणी भाजली हे बाबा प्रवचनात सांगणार होते. पाहुण्यांकडे पाहून त्यांनी ते वाक्य गिळलं. पण एका पंचांनी मामांच्या कानात सांगितलंच आणि मामांनी बहिणीच्या. बाबांनी भाकर मोडली, पहिला तुकडा स्वतः तोंडात घातला आणि सगळ्यांदेखत चावून खाल्ला. त्यांच्यावर मी आयुष्यभर हसत आले, पण हे श्रेय त्यांचं त्यांना द्यायला हवं.

ताट आमच्या बाजूला आलं. पाहुणीबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी तुकडा घेतला, डोळे मिटले, हात तोंडाशी नेला आणि मग तो हात अलगद सतरंजीखाली गेला. पुढच्या ओळीतही दोन-तीन हात तसेच गेले. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हाताकडे पाहिलं. माझाही हात सतरंजीखाली गेला.

उपासना संपली. शेजारीच आमच्या घरी चहा ठेवला होता, सगळे तिकडे गेले. गायनाचं पुस्तक राहिलं म्हणून मी परत आले, तर मावशी खिडकीच्या बाजूच्या सतरंज्या उचलत होती. प्रभूची भाकर केरात जाऊ द्यायची नाही, ती खायची, हे बाबांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. ती एकेक तुकडा वेचत होती, फुंकर मारून धूळ उडवत होती आणि खात होती. रडत नव्हती. मला पाहून तिने तळहात पुढे केला. त्यावर एक तुकडा होता.

"ह्यो तुमच्या जाग्यावरचा, बाई. तुमी खाता का मी खाऊ?"

मी हात पुढे केला. एवढ्यात अंगणातून पाहुणीबाईंची हाक आली आणि तो हात मी मागे घेतला.  मावशीने तुकडा आपल्या तोंडात टाकला आणि केरसुणी उचलली.

"जावा," ती म्हणाली. "पाव्हनं खोळंबल्यात."

माझं लग्न जमलं. मंडळीत ऐक्य वाढत आहे, असं बाबांनी मिशनला कळवलं. पुढच्या महिन्यात मावशीने न मागता पीठ पाठवलं, कोरडंच, आणि भाजायचं तिने पुन्हा कधी मागितलं नाही.