चिटणिसांना रडवणारं नाव

च्यू फेंग गाडीवानाला आयुष्यात एकच गोष्ट धड सुचली, आणि तीही नदीत उभ्या उभ्या. बाकी सारा जन्म त्याने बैल हाकला आणि मोठ्या बहिणीची बोलणी खाल्ली. बैल बोलत नसे, तेवढाच काय तो विसावा.

तरुणपणी तो दाउ सरकारांची बैलगाडी हाकायचा. हे सरकार शांत स्वभावासाठी चियेनकांग शहरभर नावाजलेले. अंगावर विंचू चढला तरी त्यांची पापणी लवत नाही म्हणे. फेंगचं मत असं की, त्यांना दिसायचंच कमी. तर एके दिवशी होड्यांच्या पुलापाशी बैल उधळला आणि गाडी सरकारांसकट थेट छिनह्वाई नदीत गेली. काठावर सरकारांची मित्रमंडळी हातात चवऱ्या घेऊन जन्ममरणावर गप्पा छाटत होती. त्यातला एकजण ओरडला, "अरे गाढवा, गाडी नदीत कशी घातलीस?"

कमरेएवढ्या पाण्यातून फेंग म्हणाला, "मी सरळच चाललो होतो मालक. नदीच आडवी आली."

काठावर हशा पिकला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य शहरभर झालं, पण दाउ सरकारांच्या नावावर. सरकारांनीही नाही म्हटलं नाही. शांत माणसं परक्याची वस्तू फार शांतपणे पचवतात.

तीस वर्षं फेंग स्वतःचं वाक्य दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आला. एका नावाड्याने तर गुत्त्यात त्यालाच ते सांगितलं, आणि तो हसला नाही म्हणून समजावूनही दिलं.

अशात बातमी आली की, एका राजवंशी सरदाराच्या वाड्यावर नामवंतांचे किस्से लिहून घेताहेत. कोण काय बोललं, कोणी कुणाची कशी जिरवली, सगळ्याचा मोठा ग्रंथ होणार. किस्से टिपायला बसले होते चिटणीस यिन. फेंगने बैल सोडला, तोंड धुतलं आणि वाडा गाठला. सरकार वारले होते. आता आपलं वाक्य आपल्या नावावर लागलंच पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

चिटणिसांनी कुंचला शाईत बुडवला. "नाव?"

"च्यू फेंग."

चिटणिसांच्या हातून कुंचला गळाला. त्यांनी हंबरडा फोडला आणि ते तोंडावर बाही धरून आतल्या दालनात पळाले. एक पायताण मागेच राहिलं.

फेंग बराच वेळ त्या पायताणाकडे बघत बसला. मग घरी आला.

"नुसतं नाव सांगितलं ताई, तर माणूस ढसाढसा रडला."

बहीण शिंगाडे सोलत होती. "त्यात नवल काय? पन्नास वर्षं हाका मारतेय मी. रडू मलाही येतं."

दुसऱ्या खेपेला त्याने नाव अगदी हळू, गोड आवाजात सांगितलं. चिटणीस तसेच रडत गेले. या वेळी पायताणं तरी घालून गेले. फेंग आपल्या नावात एवढं काय दुःख आहे याचा विचार करत बाहेर पडला, तेव्हा दरवानाने त्याची बाही धरली.

"बाबा रे, पुन्हा येऊन त्यांचा छळ करू नकोस. त्यांच्या वारलेल्या वडिलांचं नाव आहे ते."

"फेंग?"

"हळू बोल! ते समोर कुणी उच्चारलं की मुलाने रडून उठून जायला हवं. नाही रडला तर चार लोक म्हणतील, पोटचा पोर की दगड?"

"मग मी काय करू? माझ्या बापाने नाव ठेवलं तेव्हा यांच्या घरी विचारायला जायचं होतं का?"

"तुझ्यासारखी माणसं बिननावाची बरी असतात," दरवान म्हणाला. ते फेंगला फार लागलं.

तिसऱ्या खेपेला त्याने नाव सोडून सगळा किस्सा सांगितला. चिटणीस इतके हसले की डोळे पुसावे लागले.

"म्हणजे ते तू बोललास? वा! लिहितोच. तुझं नाव—" असं म्हणून त्यांनी दोन्ही कानांवर हात दाबले. "नको! सांगू नकोस!"

कान झाकलेला माणूस आणि तोंड मिटलेला माणूस, दोघं समोरासमोर बसून राहिले.

"दुसरं एखादं नाव दे," चिटणीस काकुळतीने म्हणाले. "माझ्या हाताने ते लिहवणार नाही रे."

"दुसऱ्याचंच घालायचं तर दाउ सरकारांचं काय वाईट होतं? ते निदान ओले तरी झाले होते."

शेवटी 'एक गाडीवान म्हणाला' असं लिहिलं गेलं. चियेनकांगात गाडीवान ढिगाने. फेंग घरी येऊन न जेवता बैलाशेजारी बसून राहिला. वाईट वाटलं त्याला, खूपच वाईट.

पाच-सहा दिवसांनी चिटणीस स्वतः त्याच्या दारात आले. कारकुनांना ठरावीक दिवसांनी मिळते ती केस धुवायची सुट्टी होती, डोकं अजून ओलंच होतं. माफी मागायला आले होते बिचारे. त्यांनी तोंड उघडलं, तोच परसातून बहिणीचा आवाज आला.

"फेंग! अरे ए फेंग! माझे शिंगाडे बैलापुढे कुणी ओतले?"

"ताई, गप!" फेंगची बोबडी वळली.

"गप काय? फेंग, मेल्या, डोळे फुटले का तुझे?"

चिटणिसांनी हंबरड्यासाठी श्वास भरून घेतला. पण हंबरडा येईना. ते तसेच आ वासून उभे राहिले, आणि बहीण तिसऱ्यांदा 'फेंग' म्हणून ओरडली तेव्हा चक्क हसले.

"माझी आजी अशीच ओरडायची," ते म्हणाले. "बाबा तिची लोणच्याची मासळी चोरून खायचे. ते गेल्यापासून माझ्यासमोर कुणी हे नाव घेतलेलं नाही. चुकून घेतलं तर मी रडत पळतो. नऊ वर्षं झाली. कानाला कसं लागतं तेच विसरलो होतो." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मी रडलो नाही, हे कुठे बोलू नकोस."

"नाही बोलणार."

"पुन्हा येऊ का?"

तेव्हापासून दर सुट्टीला चिटणीस ओल्या डोक्याने येतात आणि अंगणात सोडलेल्या गाडीत पडदा ओढून बसतात. अडचण फेंगची झाली. बहिणीला ओरडायला कारण लागतं, म्हणून तो मुद्दाम रांजण उघडा टाकतो, चिखलाच्या पायांनी स्वयंपाकघरात जातो, एकदा तर बैलच आत नेऊन बांधला.

"या वयात याला काय झालंय कोण जाणे," बहीण शेजारणीला सांगते.

परवा त्याने तिची टोपली विहिरीत टाकली आणि येऊन गाडीपुढे उभा राहिला. पडद्याआड चिटणीस श्वास रोखून बसले होते.

"फेंग!" परसातून आरोळी आली. "अरे ए फेंग!"

हाक वडिलांच्या नावाची, पण पडद्याआडून चिटणिसांना ओ देता येत नव्हती. फेंगनेच मोठ्याने ओ दिली, दोघांच्याही वतीने.