क्लच नसलेली गाडी

मी दीड वर्षाची असताना पोलिओने माझा डावा पाय नेला. म्हणजे पाय आहे, पण त्यात जोर नाही. गुडघ्यावर हात टेकून चालावं लागतं. तरी शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, लग्न झालं, नागावात नारळाच्या वाडीत दोन खोल्यांचं घर झालं. शाळा अलिबागच्या पलीकडे, आतल्या भातशेतीच्या गावात. तिथवर अकरा वर्षं मी मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून गेले. रस्ता अरुंद. समोरून खडीचा डंपर आला की एक चाक साइडपट्टीवरून खाली उतरायचं आणि स्कूटर तिरकी व्हायची. एकदा आडवीच झाले. मला फारसं लागलं नाही, पण चौथीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा शेतातल्या पाण्यात गेला आणि मुलांना सगळा पेपर पुन्हा लिहावा लागला. त्याची लाज मला अजून वाटते.

माझे मिस्टर न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात. पंचवीस वर्षं झाली. आठवड्यातून एकदा घरी येतात. स्कूटर पडल्याचं ऐकून त्यांनी वाकलेलं हँडल सरळ करून दिलं.

त्यानंतर महिन्याभरात शाळेतल्या एका बाईंनी मला फोनवर एक छोटी इलेक्ट्रिक गाडी दाखवली. तिला क्लच नव्हता, गिअर नव्हते. सगळं काम उजव्या पायाचं. पेट्रोलवरच्या तसल्या गाड्या मी पूर्वी बघितल्या होत्या, पण त्या आमच्या ऐपतीबाहेरच्या होत्या. ही आवाक्यात होती. त्या रविवारी मी ह्यांना सांगितलं.

"खेळणं हाय ते," हे म्हणाले. "बॅटरीचा डबा. चार वर्षांत बसंल."

"बघून तर येऊ."

"बघायला काय, बघू."

अलिबागच्या शोरूममध्ये ह्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. खाली वाकून पोट बघितलं. दार तीन वेळा उघडून लावलं आणि आवाज ऐकला. "पत्रा पातळ हाय." डिकी उघडली. "तांदळाचं एक पोतं बसंल. दुसरं न्हाय." मग डिकीतली चटई उचलून खाली काहीतरी शोधायला लागले.

"स्टेपनी नसते सर," तिथली मुलगी म्हणाली. "पंक्चर किट देतो आम्ही."

"आणि टायर फाटला तर?"

मुलीने क्षणभर विचार केला. "फाटला तर किटचा उपयोग नाही. टोइंगला फोन करावा लागेल."

ह्यांनी तिच्याकडे जरा आदराने बघितलं. खोटं बोलली असती तर आम्ही तिथूनच परतलो असतो, असं ह्यांनी मला नंतर सांगितलं.

चाचणीसाठी हे गाडी कार्ल्याच्या खिंडीत घेऊन गेले. मी शेजारी, ती मुलगी मागे. ऐन चढावर ह्यांनी मुद्दाम ब्रेक लावून गाडी उभी केली. काच खाली करून थोडा वेळ ऐकत राहिले, पण ऐकायला काही नव्हतंच. मग पाय दाबला. गाडी कोणीतरी वरून दोर लावून ओढावी तशी सरळ वर गेली. गुरगुर नाही, धापा नाहीत. वर पोचल्यावर हे गाडी वळवून पुन्हा खाली आले, पुन्हा त्याच जागी थांबले आणि पुन्हा चढवली.

येताना एक मोकळं मैदान लागलं, तिथे ह्यांनी गाडी आत घेतली आणि खाली उतरले. "ये. बस हिकडं."

"मैदानातच हं मॅडम," मागून मुलगी म्हणाली.

मी स्टिअरिंगमागे बसले. विशीतल्या मुली गाडी शिकतात हे मला ठाऊक होतं. मी पन्नाशीला आले होते. "डावा पाय कुठे ठेवू?" मी विचारलं.

"त्याला बसू दे आरामात. त्याचं काय काम न्हाय हितं."

मी उजवा पाय अलगद दाबला आणि गाडी निघाली. मैदानात गुरं चरत होती, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. पाच फेऱ्या मारल्या.

"पत्रा पातळच हाय," घरी येताना हे म्हणाले. "पण वढ हाय गाडीला. घेऊ आपण."

लायसनला चार महिने गेले. गाडीत बसून ह्यांनी शिकवलं ते वेगळंच होतं. गाडी कशी चालवायची यापेक्षा समोरचा काय करील ते कसं ओळखायचं, हेच जास्त.

पुढच्या थंडीत आम्ही श्रीवर्धनला आत्याकडे गेलो. माझा पाय गेल्यावर आईवडिलांनी दोन वर्षं मला तिच्याकडे ठेवलं होतं. रोज सकाळी तेल चोळून ती मला सुपारीच्या वाडीत उभी करायची आणि एका पोफळीला धरून दुसरीपर्यंत जायला लावायची. मी चालते ते तिच्यामुळे. आता ती ऐंशीच्या पुढची, वाडीत एकटी राहते. तिच्याकडे मी स्वतः गाडी चालवत जायचं ठरवलं. रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवली, तोवर हे शेजारून सूचना देत होते. "टेम्पोला जाऊ दे. ब्रेकवर पाय ठेव. आता सोड." दिघीला उतरून आरावीच्या पुढे समुद्राकाठचा रस्ता लागला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की सूचना थांबल्यात. बघितलं, तर ह्यांची मान खिडकीकडे कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं.

हा माणूस दुसऱ्याच्या गाडीत कधी झोपत नाही. सख्ख्या भावाच्या गाडीतसुद्धा पुढे बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत असतो. मी गाडी हळू केली नाही की जोरात नेली नाही. होती तशीच चालवली, आणि श्रीवर्धन येईपर्यंत रेडिओही लावला नाही.

अडचण आली ती पोचल्यावर. परतीला चार्जिंग पुरणार नव्हतं आणि सोमवारी शाळा होती. आत्याच्या वाडीतल्या पाण्याच्या पंपाचा मोठा प्लग होता, त्याला चार्जर लावला, तर त्यावर लाल दिवा. काढून पुन्हा लावला, पुन्हा लाल. हे वायर तपासत बसले. मी शोरूमच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, अर्थिंग कमी असेल, गाडी अशी वीज घेत नाही.

आत्या ओटीवरून हे ऐकत होती. "अर्थिंग ना? मग तार पुरलीय त्या खड्ड्यात पाणी कोण घालणार? दिवाळीपासून कोणी घातलं नाय, माती सुकली." तिने पंपाच्या खोलीमागची जागा काठीने दाखवली, ह्यांच्या हातात जाड्या मिठाचा डबा दिला आणि दोन बादल्या ओतायला लावल्या. थोड्या वेळाने चार्जर लावला. दिवा हिरवा झाला.

"बाय, ही पंपाएवढीच वीज खाते का?" आत्याने विचारलं.

"जवळजवळ तेवढीच."

"मग काय वाईट," ती म्हणाली, आणि पंप बंद ठेवून त्या दिवशीचं शिंपण तिने दुसऱ्या दिवसावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसली. आधी पाठमोरी टेकली, मग एकेक पाय आत घेतला. कोणाचा हात लागला नाही. मी तिला समुद्रापर्यंत नेऊन आणलं. माझ्या चालवण्याबद्दल एकच म्हणाली, "वळणावर हॉर्न दे गो."

आता गाडीला तीन पावसाळे झाले. खाऱ्या हवेने वायपरची दांडी गंजलीय. एसी लावला की चार्जिंग भराभर उतरतं. वादळात दोन दिवस वीज नव्हती तेव्हा मी रिक्षाने शाळेत गेले, आणि एका छोट्या पार्टसाठी आठवडाभर थांबावं लागलं. हे सगळं खरं आहे, आणि कोणी विचारलं तर मी लपवत नाही. पण या तीन वर्षांत मी शाळेला उशिरा पोचले नाही. शाळेत मुलांचा स्वयंपाक करणाऱ्या दोघी बायका रोज माझ्याबरोबर येतात. मागच्या सीटवर त्यांच्या गप्पा चालतात, आणि मोटारीचा आवाज नसल्यामुळे मला त्यांच्या घरच्या सगळ्या गोष्टी ठाऊक झाल्यात.

शाळा सुटल्यावर त्या अलिबागला उतरतात. मग कधी घाई नसेल, तर आक्षीच्या खाडीशी मी गाडी कडेला घेते आणि काच खाली करते. भरती असली की होड्या आत येत असतात. सगळ्या किनाऱ्याला लागेपर्यंत बघते आणि मग घरी जाते.