डाव्या सीटवरचा वेंडल

हॉलिस टिडवेलची सगळी उमर कोंबड्यांच्या कारखान्यातले ट्रक दुरुस्त करण्यात गेली. पण गंटर्सव्हिलच्या तलावावर त्याला त्यासाठी कुणी ओळखत नसे. तिथं तो म्हणजे बोट पळवणारा माणूस. बास मासा धरायच्या त्या चपट्या, चकचकीत बोटी, मागं अडीचशे घोड्यांचं इंजिन. आता मासा काही गाव सोडून पळत नाही, मग एवढी घाई कशाला, असं नवखा माणूस विचारतो. अहो, मासा पळत नाही, पण त्याची जागा दुसरा जाऊन अडवतो. स्पर्धेच्या दिवशी जुन्या पुलाच्या खांबांपाशी जो पहिला पोचला, त्याचं निम्मं काम झालं. म्हणून हा वेगाचा सोस.

आणि वेग म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. खरी गंमत त्या मागच्या, पाण्यात फिरणाऱ्या पंख्यात. तीनपाती लावायचा की चारपाती, पात्याला पीळ किती, कड किती वळवलेली, इंजिन अर्धा इंच वर घेतलं तर बोट उचलते की पाणी सोडून नुसती भुणभुणते, हे सगळं एकेक करून तपासावं लागतं. हॉलिसचा त्यात एक नेम होता. एका वेळी एकच बदल. टाकी अर्धी, माणसं दोन, पाणी तेच, पुलापासून कड्यापर्यंत एकदा जायचं, एकदा यायचं. पंखा बदलला तर इंजिनाची उंची बदलायची नाही, उंची बदलली तर पंख्याला हात लावायचा नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कुणाचा आणि खोट कुणाची हे देवालासुद्धा कळत नाही, असं तो म्हणे. चर्चमधल्या पाद्रीबाबांनाही त्यानं हे एकदा सुनावलं होतं म्हणतात.

त्या दोन माणसांपैकी दुसरा वेंडल हकबी. शाळेची बस चालवायचा, चर्चमध्ये खर्जात गायचा. हॉलिसच्या बोटीतली डावी सीट वर्षानुवर्षं त्याची. तो नुसता वजनाला नसे, त्याला काम होतं. बोट ताशी सत्तर मैलांच्या पुढं गेली की तिचं सगळं अंग पाण्याबाहेर येतं, नुसती शेपटी टेकलेली राहते, आणि ती डावी-उजवीकडं डुलायला लागते. चालवणाऱ्यानं तेव्हा नजर पाण्यावरून हलवली की संपलंच. म्हणून वेग दाखवणारं जीपीएसचं यंत्र डाव्या माणसाच्या हातात. त्यानं आकडा ओरडून सांगायचा आणि उजव्यानं तो मानायचा. वेंडलचा आवाज असा खणखणीत, की इंजिनाच्या बोंबेतही नीट ऐकू येई. सगळ्यात जास्त वेग ते यंत्र साठवूनही ठेवतं, पण वेंडल दर फेरीनंतर तो पुसून टाकी. "पुढच्या फेरीला पाटी कोरी पाहिजे," म्हणे. हॉलिसला त्याचं कौतुकच वाटायचं. त्याची बायको नेल वारल्यापासून शनिवारी घरात बसणं त्याला जड जाई, आणि वेंडल काही झालं तरी शनिवारी यायचाच.

त्या उन्हाळ्यात बर्ल म्हाताऱ्यानं एक तीनपाती पंखा चाचणीला दिला. बर्ल म्हणजे पंख्यांचा लोहार. हातोडीनं ठोकून ठोकून पात्यांचा पीळ बसवणारा. त्याच्या बोटांत आता हातोडी राहत नव्हती, तेव्हा त्याच्या हातचा हा शेवटचा. तलावावर अशा पंख्याची एक रीत आहे. चाचणीला आलेला पंखा आवडला तर ठेवून घ्यायचा, नाही आवडला तर स्वतःच्या हातानं पुढच्याला नेऊन द्यायचा. आणि एकदा नको म्हटलं की नको. मागाहून परत मागायला गेलात तर तोंडावर हसतील. रांगेत पहिला हॉलिस. त्याच्या मागं ट्रेंट, वेंडलचा जावई.

हॉलिसनं तीनपाती लावून बोट सोडली. बोट अशी अलगद उचलली, की आसनाखाली काही आहे असंच वाटेना.

"किती?" तो ओरडला.

"त्र्याहत्तर," वेंडल म्हणाला.

"त्र्याहत्तरच? नीट बघ."

"जे दिसतंय ते सांगतोय बाबा. आता काय छापून आणू?"

मग जुना चारपाती लावला. इंजिन त्या उन्हाळ्यात नवं घेतलेलं, त्यावर हा अजून मोजलेला नव्हता. बोट जरा जडच वाटली, नाक खाली धरून चालल्यासारखी. वेंडलनं आरोळी दिली, "शहात्तर." परत येताना पुन्हा शहात्तर.

"पाठीला तर तो तीनपाती वेगवान वाटत होता," हॉलिस धक्क्यावर बोट बांधताना म्हणाला.

"तुझ्या पाठीला गेल्या वर्षी नवी गादीसुद्धा दगड वाटत होती," वेंडल म्हणाला, आणि दोघंही हसले.

झालं. हॉलिसनं पंखा स्वच्छ पुसला, खोक्यात घातला आणि ट्रेंटच्या दारात नेऊन दिला. वर इंजिन किती उंचीवर ठेवायचं हेही समजावून सांगितलं, हा शहाणा. ट्रेंट म्हणाला, "काका, तुम्हाला नको असेल तर मी वापरतो की." वेंडल शेजारीच उभा होता. तो तेवढा वेळ तलावाकडं बघत होता.

सप्टेंबरात वेंडल एकदा ओशाळवाणं तोंड करून आला. क्लबची वर्षाखेरची स्पर्धा महिन्यावर आलेली. म्हणाला, "ट्रेंट म्हणतोय यंदा त्याच्याबरोबर बसा. लेकीचा नवरा रे, नाही कसं म्हणू?"

"नाही म्हणायचंच कशाला? घरचं माणूस आहे, जा," हॉलिस म्हणाला. खरं तर त्याला वाईट वाटलं होतं. पण लेक ती लेक, एवढं त्याला कळत होतं. त्याला स्वतःला मूल नव्हतं, म्हणून तर जास्तच कळत होतं.

आता डाव्या सीटवर कुणी तरी हवं. हॉलिसनं थोरल्या बहिणीला, ओपलला, गळ घातली. ओपल शाळेच्या खानावळीतून निवृत्त झालेली. तिला बोटीचं काडीइतकं वेड नव्हतं.

"मला का नेतोस? वजनाला वाळूची पोती ने."

"पोत्यांना आकडे वाचता येत नाहीत, ताई. शिवाय तू वेंडलएवढीच भरशील."

"हे तू आणखी कुणाला सांगितलंस तर बघ," ओपल म्हणाली, पण आली. जाकीट घट्ट आवळून, डोक्याला रुमाल बांधून बसली. चारपातीच लावलेला होता. हॉलिसनं बोट सोडली. ओपलनं आधी देवाचं नाव घेतलं, मग हॉलिसचं घेतलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"आकडा सांग!"

"बाहत्तर."

"काय?"

"बाहत्तर! सात नाही, दोन! म्हणजे सात आणि दोन!"

परतीला पुन्हा बाहत्तर. हॉलिसनं बोट थांबवली. इंजिन वर घेऊन पंख्यात पाणगवत अडकलंय का बघितलं. नव्हतं. टाकी पाहिली, अर्धीच होती. बोटीच्या बुडाशी हात फिरवला, शेवाळ नाही. पाण्याचा दाब नीट, हवाही फार गरम नव्हती. पुन्हा फेरी मारली. बाहत्तर.

"तुला नक्की नीट वाचता येतंय ना?"

"शाळेतल्या पोरांच्या जेवणाचा हिशेब मी तीस वर्षं ठेवला," ओपल म्हणाली. "हे घे, तूच बघ." तिनं यंत्र त्याच्यासमोर धरलं. साठवलेला वेग तिनं पुसला नव्हता. कोपऱ्यात बाहत्तर लिहिलेलं होतं.

हॉलिस बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिला. सगळं तेच होतं. तीच बोट, तोच पंखा, तेवढंच वजन, तेच पाणी, तेच यंत्र. ओपल कंटाळून म्हणाली, "एवढा काय विचार करतोस? बदललं असेल काही तरी." आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बदललेली गोष्ट एकच होती. आजवर अर्ध्या-अर्ध्या इंचानं इंजिन वरखाली करून दमला, पंखे लावले, काढले, बोटीचा कण न् कण तपासला. डाव्या सीटवरचा माणूस तेवढा चाचणीत त्यानं कधी बदलून पाहिला नव्हता. वेड्याला ते सुचलंच नव्हतं.

चारपातीचे चार मैल वाढवून सांगितले, तर मग त्या तीनपातीचे किती कमी करून सांगितले असतील? त्याची पाठ बिचारी खरं सांगत होती. त्यानं तिचं ऐकलं नाही, मित्राचं ऐकलं.

तो तसाच वेंडलच्या घरी गेला. ओपलही बरोबर होती, ट्रकमध्ये बसून राहिली. वेंडल अंगणात मोठ्या पातेल्यात शेंगा उकडत होता. शेडमध्ये ट्रेंटची बोट उभी, मागं बर्लचा तीनपाती.

"ये, ये, गरमागरम शेंगा खा," वेंडल म्हणाला.

"ट्रेंटची बोट किती पळते?"

वेंडलचा हात पातेल्यावर थांबला. "एकोणऐंशी."

"माझी किती पळाली होती? त्याच पंख्यावर?"

वेंडलनं झारा खाली ठेवला. खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा त्यानं केला नाही, आणि हॉलिसला त्याचाच जास्त राग आला. "अठ्ठ्याहत्तर."

"केसानं गळा कापलास माझा, वेंडल."

"ट्रेंट बोट विकायला निघाला होता," वेंडल म्हणाला. "इथं काही जमत नाही, टेक्सासला जाऊ, म्हणत होता. शेल्बीला घेऊन. माझी एकुलती एक लेक. मला वाटलं, एवढा एक पंखा त्याला मिळाला, एखादी स्पर्धा जिंकला, तर रमेल इथंच."

"मागितला असतास तर मी दिला असता."

"माहीत आहे."

"मग?"

"मागावा लागला असता ना," वेंडल म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला. "तुझी बोट, तुझं पेट्रोल, तुझं नाव. लोक म्हणतात हॉलिस आला, आणि त्याच्याबरोबर कुणी तरी आहे. तो कुणी तरी म्हणजे मी. एवढी वर्षं तुझ्याकडून घेतच आलो. आणखी एकदा हात पसरायचा माझ्यानं होईना."

"हात पसरायची लाज वाटली, आणि माझ्या कानात खोटं ओरडायची नाही वाटली?"

पातेल्यातलं पाणी उतू जात होतं, ते वेंडलनं आवरलं नाही. खालच्या आवाजात म्हणाला, "तेवढंच एक. देवाशपथ, दुसरं काही कधी खोटं सांगितलं नाही."

हॉलिस निघाला होता. पण ते शेवटचं वाक्य ऐकून त्याचे पाय जागीच अडकले. दुसरं काही म्हणजे काय? नेल आजारी होती, तेव्हाची गोष्ट. डॉक्टर म्हणाले होते, अजून अवकाश आहे. नेलनंच त्याला हाकलून स्पर्धेला पाठवलं होतं. वेंडलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला बोटीत बसता येत नव्हतं, म्हणून तो तिच्या उशाशी बसला होता. हॉलिस तलावावरून मासे तोलायला परत आला, तेव्हा वेंडल धक्क्यावर कुबड्या टेकून उभा होता. नेल गेली होती. झोपेतच गेली, म्हणाला, जागी झालीच नाही, तुझी आठवणही काढली नाही तिनं. त्या एका वाक्यावर हॉलिसनं मागची सगळी वर्षं काढली होती. ते वाक्य नसतं, तर त्यानं पुन्हा बोटीत पाय ठेवला नसता.

तो मागं वळला.

"नेलचं खरं सांग," तो म्हणाला. "झोपेतच गेली?"

वेंडलनं त्याच्याकडं सरळ बघितलं. "झोपेतच गेली, हॉलिस. जागी झालीच नाही. तुझी आठवणही काढली नाही तिनं."

शब्द न् शब्द तेच. जराही न अडखळता, त्याच खणखणीत आवाजात. हॉलिस त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. काही तरी हलेल, पापणी लवेल, कळेल, असं त्याला वाटत होतं. काहीच कळलं नाही.

तो ट्रकमध्ये येऊन बसला. ओपलनं विचारलं, "कबूल केलं का त्यानं?"

"पंख्याचं केलं."

"मग आणखी काय राहिलं?"

हॉलिसला ते तिला सांगता येईना. पंखा गेला, स्पर्धा गेली, मित्र गेला, त्याचं रडून झालं असतं एखाद्या दिवशी. पण नेल झोपेत गेली, की त्याला हाका मारत गेली, हे सांगणारा जगात एकच माणूस होता, आणि तो वेंडल होता.