मी ग्राउंडवर होते

"हॉस्टेलच्या मुली, उभ्या राहा."

बाई एवढंच म्हणाल्या. आम्ही चौघी उभ्या राहिलो. बाकी सगळा नववीचा वर्ग बसलेला.

मीनलचं घड्याळ हरवलं होतं. मधल्या सुट्टीत खेळायला जाताना काढून कंपासपेटीत ठेवलं, आता नाही, असं ती रडत सांगत होती. मीनलचे वडील डॉक्टर. नगरच्या सावेडीत बंगला. आमची शाळाही सावेडीतच. आम्ही चौघी ऊसतोड कामगारांच्या मुली. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, म्हणून आम्हाला हॉस्टेलात ठेवलेलं.

"दप्तरं इथं टेबलावर आणा. उलटी करा."

फक्त आमची चार दप्तरं. बाकी कुणाला बाईंनी विचारलंसुद्धा नाही. माझ्या दप्तरातून वह्या पडल्या आणि अर्धी भाकरी पडली. सकाळच्या जेवणातली, दुपारसाठी लपवून आणलेली. कुणीतरी हसलं. मग कौशीचं दप्तर. तिच्या दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पडलं. ओलं होतं. बाईंनी पट्टीच्या टोकानं कागद उघडला.

आत धुतलेला कपडा होता. पाळीचा. डाग पुरता गेला नव्हता.

मागच्या बाकांवरची मुलं आधी गप्प झाली, मग हसली. बाईंनी पट्टीनंच तो बाजूला ढकलला. "हे असलं दप्तरात ठेवतात का? काही शिकवलंय का घरी?" कौशी खाली बघत उभी. तिच्या कमरेला माझा स्वेटर बांधलेला होता.

घड्याळ कुणाच्याच दप्तरात मिळालं नाही. तिथंच हे संपायला हवं होतं. बाईंनी विचारलं, "मधल्या सुट्टीत वर्गात कोण होतं?"

खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, "कौशल्या होती. मी पाणी प्यायला जाताना बघितलं."

"आणखी कोण होतं तुझ्याबरोबर?" बाईंनी कौशीला विचारलं.

कौशीनं माझं नाव घेतलं नाही. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. बाईंनी ते बघितलं आणि मला विचारलं, "तू कुठे होतीस?"

मी म्हणाले, "मी ग्राउंडवर होते."

खोटं होतं. मी पूर्ण सुट्टीभर कौशीबरोबर होते. तिच्या स्कर्टला डाग पडला होता. शाळेच्या संडासात पाणी नव्हतं. वर्गाच्या दारामागं उभं राहून मी बाटलीतल्या पाण्यानं तिचा कपडा धुतला, स्कर्ट चोळला, माझा स्वेटर तिच्या कमरेला बांधला. मीनलच्या बाकाकडं ती फिरकलीही नव्हती. हे सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं. ते म्हणालं, मी ग्राउंडवर होते.

का म्हणाले? भीती होती, ती तर होतीच. पण नुसती भीती असती तर मी स्वतःला केव्हाच सोडून दिलं असतं. त्याच्या आदल्या आठवड्यात बाईंनी माझी गणिताची वही वर्गाला दाखवली होती आणि म्हणाल्या होत्या, "ही हॉस्टेलची आहे असं वाटत नाही." ते वाक्य मी रोज झोपताना मनात म्हणत होते. मला आवडलं होतं ते. कौशीच्या बाजूला जाऊन उभी राहिले असते तर मी पुन्हा हॉस्टेलची झाले असते.

कौशी आणि मी एकाच गावच्या, पाथर्डी तालुक्यातल्या. आमचे आईबाप एकाच टोळीत. तेव्हा टोळी पुणतांब्याच्या बाजूला ऊस तोडत होती, फडाशेजारी उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालून राहत होती. बाईंनी चोरी कौशीवरच ठेवली आणि मुकादमाच्या फोनवर निरोप गेला. तिसऱ्या दिवशी कौशीचे वडील आले. अंगावरच्या कपड्यांना पाचटाचा वास. ऑफिसच्या बाहेरच त्यांनी चपला काढल्या. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला होता. त्यांनी व्हरांड्यातच कौशीच्या तोंडात मारली.

"आमी उपाशी ऱ्हायलो पर कुनाच्या काडीला हात लावला न्हाई," ते म्हणाले.

"म्या न्हाई घेतलं आबा," कौशी म्हणाली. एकदाच. पुन्हा बोलली नाही.

तिची पेटी गेटपर्यंत न्यायला मी हात लावला. एका बाजूची कडी तिच्या हातात, दुसरी माझ्या. गेटपाशी मी कडी सोडली. ती माझ्याकडं बघेल असं मला वाटलं होतं. तिनं बघितलं नाही.

आठवड्याभरानं मीनल माझ्याजवळ आली. "अगं, घड्याळ घरीच होतं. ट्यूशनच्या बॅगेत. बाईंना सांगू नको हं, मम्मी ओरडेल."

मी म्हणाले, "नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी तिनं मला तिच्या बाकावर बसायला बोलावलं. मी बसले. तिच्या डब्यातली फ्रेंच टोस्टची स्लाइस खाल्ली. चांगली लागली. हे मी मुद्दाम सांगते आहे. घास घशात अडकला वगैरे काही झालं नाही. चांगली लागली.

त्या बाकावर बसूनच मी मोठी झाले. मीनल बोलते तशी बोलायला शिकले. 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं. आई दिवाळीला भेटायला आली की तिच्याशीही तसंच बोलायचे. ती गोंधळून बघायची. सुट्टीत गावाकडं जायचं टाळायचे, हॉस्टेलच्या रेक्टरबाईंना सांगून अभ्यासासाठी राहायचे. दहावी झाली, सायन्स घेतलं, नगरलाच कॉलेज केलं, स्पर्धा परीक्षा दिली. मुलाखतीत मला विचारलं, तुमच्या यशाचं श्रेय कोणाला? मी शाळेचं नाव घेतलं.

मधून मधून आई सांगायची. सहजच. "कौशी आता फडात लई चलाख झाली. मोळ्या बांधाया तिच्यावानी कुनी न्हाई." किंवा, "कौशीचं लगीन झालं. कोयताच जोडला म्हनायचा." टोळीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आई भाजी निवडत बोलायची आणि मी विषय बदलायचे.

या पावसाळ्यात कौशी माझ्या समोर येऊन उभी राहिली.

मी जिल्ह्यातल्याच एका तहसील कचेरीत पुरवठा निरीक्षक आहे. रेशनकार्डाची कामं माझ्याकडं येतात. त्या दिवशी बाहेर गर्दी होती. एक बाई अर्ज घेऊन टेबलाशी आली. उन्हानं रापलेली, केस पांढरे व्हायला लागलेले. मला वाटलं, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी. आमचा क्लार्क तिला म्हणाला, "सही येते का मावशी, का अंगठा?"

"येती सही," ती म्हणाली. "नववीत हुते मी."

मी मान वर केली. तिनं मला आधीच ओळखलं होतं. "मॅडम, सासऱ्याच्या कार्डातनं नाव येगळं करायचंय," ती मला म्हणाली. मॅडम.

अर्जाला तिनं जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला जोडला होता. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. मी वाचला. वर्तणुकीच्या रकान्यात शाईनं लिहिलं होतं, 'असमाधानकारक. चोरीचा संशय.'

बाईंचं अक्षर. मला ते अक्षर चांगलं माहीत होतं. माझ्या वह्यांवर त्याच अक्षरात 'उत्तम' लिहिलेलं असायचं.

"ह्यो दाखला बघून दुसऱ्या शाळेनं घेतलं न्हाई," कौशी म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. मी कागद बघत बसले म्हणून तिनं सांगितलं.

मी तिला बाहेर घेऊन गेले. कचेरीच्या मागं सायकल स्टँड आहे, तिथं उभ्या राहिलो. मी म्हणाले, "कौशे, मी खोटं बोलले होते तेव्हा."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "तू माझ्यासंगंच तर हुतीस. मला न्हाई ठावं तर कुनाला?"

मग मी तिला ते सांगितलं जे तिला माहीत नव्हतं. की घड्याळ सापडलं होतं. आठवड्यातच. मीनलच्या घरी. आणि मीनलनं मला सांगितलं होतं.

ती स्टँडच्या लोखंडी दांड्याला धरून उभी राहिली.

"माझा बाप हुता तवा जित्ता," ती शेवटी म्हणाली. "पंधरा वरीस हुता त्येच्यानंतर. मी कोपीत आसले तर पेटीला कुलूप लावायचा. लगीन झाल्यावर माहेरी आले तरी लावायचा. मरताना कुलपाची किल्ली भावाच्या हातात दिली, माझ्यादेखत. तुज्या आईच्या हाती नुसता निरोप धाडला असतास, घड्याळ घावलं म्हनून. बास हुतं."

मी रडायला लागले.

"मॅडम, रडू नगा," ती म्हणाली. "लोकं बघत्यात. आन मला सांगून काय व्हनार? मला तर ठावंच हुतं मी चोर न्हाई म्हून. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा."

अर्जाची पोच घेऊन ती गेली. चहाला थांब म्हणाले तर थांबली नाही.

त्याच आठवड्यात शाळेचा माजी विद्यार्थी मेळावा होता. माझा सत्कार होता. पत्रिका आलेली होती, मी साडीही काढून ठेवली होती. कौशी आली नसती तर शाल घेऊन, फोटो काढून परत आले असते. अगदी नक्की.

स्टेजवर बाई होत्या. निवृत्त झालेल्या, थकलेल्या, पण आवाज तोच. मीनल पहिल्या रांगेत. मागच्या भिंतीशी हॉस्टेलच्या आताच्या मुली पाण्याचे ट्रे घेऊन उभ्या. पाहुण्यांना पाणी द्यायला त्यांनाच ठेवलेलं. बाईंनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि माईकवर म्हणाल्या, "हॉस्टेलच्या मुलींत ही पहिल्यापासून वेगळी होती. मी तेव्हाच ओळखलं होतं."

टाळ्या वाजल्या. मी त्या मागच्या मुलींकडं बघितलं. त्यांतली एक टाळ्या वाजवत होती, रिकामा ट्रे काखेत धरून.

मी शाल काढली, घडी घातली, टेबलावर ठेवली. माईकवर म्हणाले, "मी वेगळी नव्हते. मी खोटी होते. नववीत आम्हा चौघींची दप्तरं तुम्ही उलटी केलीत, कारण आम्ही हॉस्टेलच्या होतो. कौशल्यानं घड्याळ घेतलं नव्हतं. मी तिच्याबरोबर वर्गात होते आणि ग्राउंडवर होते म्हणाले. घड्याळ नंतर सापडलं, तेही मला माहीत होतं. तिच्या दाखल्यावर आजही चोरीचा संशय लिहिलेला आहे. हा सत्कार मी घेणार नाही."

मध्येच 'न्हवतं' आलं तोंडात. येऊ दिलं.

सूत्रसंचालकानं घाईघाईनं पुढचं नाव पुकारलं. बाई मला खाली येऊन म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी हे काढायची गरज होती का? मी काय मुद्दाम केलं होतं?" मी म्हणाले, "बाई, तुम्ही विचारलं होतं, मी उत्तर दिलं नव्हतं. आज दिलं." मीनल पार्किंगमध्ये भेटली. म्हणाली, "मी लहान होते गं."

"कौशीपण तेवढीच होती," मी म्हणाले. आणि गाडीवर बसले. मीही तेवढीच होते, हे मी स्वतःला सांगत नाही. ते सांगायला लागले की पुन्हा सुटेन.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन लेखी दिलं. माझं नाव, माझा हुद्दा, मी काय खोटं बोलले ते. दाखल्यावरचा शेरा काढा म्हणून अर्ज. मुख्याध्यापक म्हणाले, इतकं जुनं रेकॉर्ड बदलता येत नाही. मी तो अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांकडं दिला आहे. कचेरीत बातमी पोचली आहे. क्लार्क आता माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघतो.

आता गाव राहिलं आहे. दसऱ्याला टोळी निघायच्या आधी सगळे मारुतीच्या पारावर जमतात. कौशीची आई असते. तिचा भाऊ असतो, किल्ली ज्याच्याकडं आहे तो. टोळीतली सगळी माणसं असतात, ज्यांनी इतकी वर्षं कौशी आली की आपापल्या कोपीकडं बघून घेतलं. माझ्या आईला मी सांगितलं, मी पारावर सगळ्यांसमोर बोलणार आहे. आई घाबरली. "लोकं तोंडावर थुकत्याल," म्हणाली. "आपलं बी नाव जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले. "तिचं आपल्यामुळंच गेलं."

कौशीचा फोन आलेला नाही. मी केला तर ती उचलत नाही. दसऱ्याला ती पारावर येईल की नाही मला माहीत नाही. तिनं मला माफ करावं असं मी कुणाकरवीही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तिच्या बापाला मी काहीच सांगू शकत नाही, तो गेला. जे आहेत त्यांना सांगणार. मी खोटं भरल्या वर्गात बोलले होते. खरं चार माणसांत कोपऱ्यात बोलून भागणार नाही. रजेचा अर्ज टाकला आहे. दसऱ्याला मी गावात असेन.